रिंगांमागची माती

तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. नावात काही वाकडं नव्हतं, ती खरोखरच बाटल्या घेऊन दारोदार फिरायची. एका घरच्या नव्या जावयानं मात्र हे नाव ऐकून सासऱ्यांना हळूच विचारलं होतं, "बाबा, तुमच्याकडे घरपोच मिळते वाटतं?" सगळं घर पोट धरून हसलं, आणि तीही हसली. तिच्या बाटल्या बोटभर उंचीच्या, काचेच्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. त्यात विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, उबदार फळीवर ठेवून द्यायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं की समजायचं, विहिरीत कुठून तरी मैला उतरतोय.

त्या भागात नळ नव्हता. घरं लांब लांब, ज्याच्या त्याच्या आवारात ज्याची त्याची विहीर. आपल्या विहिरीला नावं ठेवलेली कुणाला खपत नाहीत, पोटच्या पोराला ठेवलेली एक वेळ खपतील. "आमचे आजोबा हेच पाणी प्यायले, त्यांना काय झालं?" हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्यानं तोंड उघडलं की ते तिच्याच ओठांवर यायचं. ती वाद घालायची नाही. "बरोबर आहे तुमचं. ही एवढी बाटली फक्त राहू द्या तुमच्या फळीवर," म्हणायची आणि चहा पिऊन निघायची. मग तेच गृहस्थ काळी बाटली हातात धरून कुंपणाशी तिची वाट बघत उभे असायचे.

हे काम ती दवाखान्यात शिकली होती. तिथे ती मदतनीस होती. पोट बिघडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांच्या घरी डॉक्टर तिला पाणी आणायला धाडायचे. पुढे दवाखाना बंद पडला, पण लोकांनी तिला बोलावणं काही सोडलं नाही.

लग्न झालं ते गवंड्याशी, आणि जोडी कामालाही जुळली. विहीर बहुतेक वेळा खालून नासत नाही, वरून नासते. गोठ्याचं, संडासाच्या खड्ड्याचं पाणी जमिनीच्या वरच्या थरातून झिरपत येतं आणि विहिरीच्या सिमेंटच्या रिंगांच्या सांध्यांतून आत उतरतं. म्हणून रिंगांच्या बाहेरून पुरुषभर खोल चर खणायचा, त्यात चिकणमाती ठासून भरायची, आणि वर सिमेंटचा ओटा घालायचा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. मग ब्लीचिंग पावडर टाकून विहीर उपसायची. काय बिघडलंय ते तिनं सांगायचं आणि दुरुस्त त्यानं करायचं. तिच्या शब्दावर लोक त्याला बोलवायचे, दुसऱ्या गवंड्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. काम चालू असताना ती तिथे नसायची, तिच्या बाटल्या पुढच्या घरांकडे गेलेल्या असायच्या. काम संपलं की ती यायची, पाणी तपासायची, बाटली स्वच्छ निघायची. घरची माणसं गुळगुळीत ओट्यावरून हात फिरवून म्हणायची, "मेस्त्रींचा हात म्हणजे हात आहे हं!" तिचा ऊर भरून यायचा.

पावसाळ्यात टेलरकाकूंची बाटली काळी झाली.

टेलरकाकू म्हणजे शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई. घरात मुलगा, सून आणि रांगायला लागलेली नात. त्यांच्या विहिरीचं काम आदल्याच वर्षी झालं होतं. बाटलीबाईनं सगळीकडे नजर फिरवली. दोर चिखलात लोळतोय, बादली जमिनीवर.

"काकू, अहो हेच तर! जमिनीवरची घाण बादलीबरोबर आत जाते."

काकूंनी खुंटी ठोकली, नवा दोर आणला, झाकणाला कुलूप घातलं. तरी बाटली काळीच. दुसऱ्या वेळी तिचा पारा चढला. सुनेदेखत ती बोलून गेली, "सांगितलेलं ऐकायचंच नसेल तर मी तरी बाटल्या कशाला वाया घालवू?"

काकू सुई हातात तशीच धरून खाली बघत राहिल्या.

दुपारी जेवताना तिनं नवऱ्याला हे सांगितलं. "काही लोक सुधारतच नाहीत," तो म्हणाला. "तू कशाला मनाला लावून घेतेस?" आणि त्यानं आणखी भात वाढून घेतला.

मग काकूंच्या नातीला जुलाब लागले. पोर इतकी मलूल झाली की तिला शहरात नेऊन सलाईन लावावं लागलं. सुदैवानं निभावली. ती घरी आली त्या दिवशी टेलरकाकू बाटलीबाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भांडायला नाही.

"विहिरीजवळ जायच्या आधी मी पाय धुते गं," त्या म्हणाल्या. "साबणानं हात धुते. अजून काय करू, तेवढं सांग."

खोटं बोलणारा माणूस असं विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या प्रयोगशाळेतून आणलेला हिरवा रंग घेऊन काकूंकडे गेली. हा रंग अपायकारक नसतो, पाणी कुठून कुठे जातं ते तो दाखवतो. ओट्याच्या कडेला तिनं छोटा खळगा केला, त्यात रंग ओतला, वर दोन बादल्या पाणी. काकूंनी चहाचं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत, विहिरीत डोकावलेली सून ओरडली, "हिरवं आलं! सांध्यातून ओघळतंय!"

चिकणमाती असती तर रंग अडला असता.

बाटलीबाईनं पहार मागितली. ओट्याला लागून खणायला लागली. माती भुसभुशीत निघाली. तिच्यात विटांचे तुकडे आणि चुरगाळलेलं सिमेंटचं रिकामं पोतं. आणखी खाली गेली तर कधी कुणी हातच न लावलेली जुनी जमीन. चर गुडघाभरसुद्धा नव्हता. क्षणभर तिच्या मनात आलं, लोटावी माती परत, कुणाला कळतंय? पण काकू शेजारी उभ्या होत्या.

"ही का ती चिकणमाती?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू," ती म्हणाली. "इथे चिकणमाती नाहीच."

घरी जाईपर्यंत वाटेत ती त्याची बाजूच मांडत होती. त्याचे गुडघे दुखतात. खडक लागला असेल. गडबडीत राहून गेलं असेल, एखाद्या घरी होतं असं.

तो परसात थाप्या धूत बसला होता.

"काकूंच्या विहिरीला चर किती खणला होता?"

"नेहमीसारखा. का गं?"

"मी खणून बघून आलेय."

थापी घासणारा हात थांबला. "तिथे खडक होता."

"खडक नाहीये. भुसभुशीत मातीये सगळी."

"अगं, आता सगळीकडेच कुठे एवढं..." तो बोलला आणि त्यानं जीभ चावली.

"सगळीकडेच?"

मग तो सांगत गेला. एका घरी चर सारखा ढासळत होता, म्हणून त्यानं तसाच बुजवला आणि वर ओटा घातला. आता बोलणी खावी लागणार असं वाटत होतं, पण तिची बाटली स्वच्छ निघाली, म्हणून पुढच्या घरांनाही त्यानं तेच केलं. "तूच तर पास केलंस!"

"विहिरीत ताजं ब्लीचिंग होतं. तेव्हा स्वच्छच निघणार, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यानं थापी पुन्हा पाण्यात बुडवली.

"मी लोकांना बोलत होते, अहो. अस्वच्छ म्हटलं त्यांना. तुम्हाला येऊन सांगत होते. तुम्ही समोर बसून ऐकत होतात!"

"मग तेव्हा मी काय बोलायचं होतं?" आता त्याचाही आवाज चढला. "आणि एवढं आकाश काय कोसळलंय? आपल्या विहिरीचं तर नीट केलंय ना मी! पुरुषभर चर आहे तिला. तीन थर देऊन माती ठासलीये या हातांनी. तुला कधी खराब पाणी पाजलंय मी?"

तिची समजूत पटावी म्हणूनच तो हे बोलला. पण तिनं वाटभर गोळा केलेल्या सबबी एका वाक्यात गळून पडल्या. त्याला काम येत होतं. त्या मातीनं काय होतं आणि नसली तर काय होतं, हे तो पुरेपूर जाणून होता. म्हणून तर घरच्या विहिरीला ती ठासली. बाकीच्यांना त्यानं ओटा दिला, आणि ओट्याच्या वर तिचा शब्द ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती निघाली. जिथे जिथे त्यानं काम केलं होतं त्या प्रत्येक घरी. "माझं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला होता. "ओटा खचला म्हणून सांग. घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगतेस?"

"ओटा खचलेला नाही," एवढंच ती म्हणाली.

काही घरांनी तिला आत बसवून पाणी विचारलं आणि पाणी त्याच विहिरीचं, हे आठवून घरचीच माणसं ओशाळली. काहींनी दार पुरतं उघडलंच नाही. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "नवऱ्यानं फसवायचं आणि बायकोनं मागून येऊन रडायचं, बरी मिलीभगत आहे!" पाणी उकळूनच प्या, असं दोनदा सांगून ती फाटकाबाहेर पडली.

टेकडीपलीकडच्या गावातून तिनं दुसरा गवंडी आणला. चर खणायला लागल्यापासून माती ठासून होईपर्यंत आता ती जागची हलत नाही. "बाई, तुमच्यापेक्षा माझी सासू बरी," तो गवंडी वैतागून म्हणतो, "ती निदान दुपारी झोपते तरी." सुरुवात काकूंच्या विहिरीपासून केली. पुढच्या पावसात त्यांची बाटली स्वच्छ राहिली. तिनं माफी मागितली तेव्हा काकू मशीनवरून उठल्या नाहीत. "त्यानं जे केलं त्यासाठी मी तुला बोल लावणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सुनेसमोर तू मला बोललीस, ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही गं." आणि त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली.

गवंड्याला त्या भागात काम मिळेना. आता तो शहरात इमारतींच्या कामावर जातो, आठवड्यानं घरी येतो. "चुकलं माझं," असं तो एकदा म्हणाला, पण भिंतीकडे तोंड करून. जिथे म्हणायला हवं होतं त्या घरांकडे काही गेला नाही. भांडणं होत नाहीत. ती त्याला वाढते, तो तिच्यासाठी बाजारातून आठवणीनं सामान आणतो. लोकांना वाटतं, मिटलं सगळं.

पण तो म्हणतो, "गॅस बंद केलाय मी." ती "बरं" म्हणते. आणि उठून बघून येते.