गाडीचं कपाळ

समोरून दिवे येताना दिसले, की माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली आत्या डॅशबोर्डवर थाप मारायची आणि ओरडायची, ‘‘डिपर मार की गं!’’ मी आधीच मारलेला असला तरी ओरडायची. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून ओरडायची. एकदा वऱ्हाडाच्या गाडीत तिनं इतका पिच्छा पुरवला, की ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, ‘‘मावशी, या, तुमीच चालवा.’’ तिनं जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता. आम्ही भावंडं तिला डिपरआत्या म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, मोहोळच्या बाजारातून टेम्पो घेऊन परतत होते. समोरच्या गाडीनं अप्पर, म्हणजे दिव्यांचा वरचा झोत, खाली केलाच नाही. डोळे दिपले, टेम्पो रस्त्याकडेच्या चारीत गेला, मामा गेले. आत्या तेव्हा अगदी तरुण होती. पुढे मंद्रूपच्या घरात शेळ्या राखत ती एकटी राहिली. त्या अनोळखी ड्रायव्हरला तिनं कधी शिव्या घातल्या नाहीत. एवढंच म्हणायची, ‘‘त्याला काय म्हाईत म्होरं कोन हाय ते? पर डिपर माराया काय लागतंय गं? येका बोटाचं काम हाय.’’

तिच्या त्या एका बोटाला आणखी एक काम होतं. मी सोलापुरात कॉलेजात शिकवते. दर शनिवारी दुपारी तिची औषधं आणि बाजार घेऊन मंद्रूपला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. निघताना ती बोट खोबरेल तेलात बुडवायची, देवाच्या भंडाऱ्यात फिरवायची आणि गाडीला लावायची. ती चांगली उंच बाई. बॉनेटवर रेलून पार वर, पुढच्या काचेच्या मधोमध बोट टेकवायची. मी म्हणायचे, ‘‘अगं, नंबरप्लेटला लाव ना.’’ त्यावर उत्तर ठरलेलं, ‘‘टिळा कपाळाला लावत्यात का पायाला?’’

नवी गाडी घेतली तेव्हा मी तिला मोठ्या दिमाखात सांगितलं, ‘‘आत्या, आता ओरडायचं नाही. या गाडीला कॅमेरा आहे. समोर दिवे दिसले की ती आपोआप डिपर मारते.’’ तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘‘आन् न्हाय दिसलं मंजे?’’ मी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच शनिवारपासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मंद्रूपहून निघाले, अंधार पडला, अप्पर लागला आणि लागला तो लागलाच. समोरून ट्रक आला तरी आपोआप खाली येईना, आणि गाडीच्या भरवशावर राहिलेली मी हातानं खाली करेपर्यंत ट्रक अगदी पुढ्यात आलेला असायचा. ट्रकवाले लाईट मारून, हॉर्न वाजवून माझा उद्धार करत जायचे. सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी धुतली, मग संध्याकाळी पुण्याच्या रस्त्यावर फिरवून आणली. टाय लावलेला तो तरुण गोड हसून म्हणाला, ‘‘मॅडम, एकदम ओके चालतंय की.’’ पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग त्यांनी सॉफ्टवेअर नवं टाकलं, कुठलासा फ्यूज बदलला, स्टेअरिंगजवळची दिव्यांची दांडी नेमकी किती पुढे ढकलायची ते मलाच समजावलं, जणू मी दांडीला ओढणी वाळत घालत होते. शहरातल्या उजेडात अप्पर लागायचाच नाही, त्यामुळे इतर दिवशी तक्रार दाखवायची सोय नव्हती. गाडी फक्त मंद्रूपच्या रस्त्यावर बिघडते, असं मी सांगितलं तेव्हा त्या तरुणानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरलेले नाही.

मग ती मोटरसायकल आली. नवरा-बायको, मध्ये लहान मूल. माझ्या उजेडानं तो बिचकला आणि रस्त्याच्या खाली उतरला. पडले नाहीत, पण मी थांबले तसा तो माणूस मागे येऊन माझ्या काचेवर हात आपटत ओरडला, ‘‘दिसत न्हाय व्हय गं तुला? ल्येकरू हाय गाडीवर!’’ कॅमेरा आहे, असं सांगणार होते का त्याला?

पुढच्या खेपेला सगळा राग मी आत्यापुढे ओकला. गाडी, सर्व्हिस सेंटर, तो टायवाला, सगळ्यांचा उद्धार केला. तिनं त्यातलं काहीच ऐकलं नाही. ‘‘पडलं न्हाय न्हवं कुनी? ल्येकरू बरं हाय न्हवं?’’ एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. चहा तसाच गार झाला.

त्या संध्याकाळी निघताना मी गाडीत बसून वैतागून माहितीपुस्तक चाळत होते. एका ओळीवर नजर थांबली: कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ ठेवावी. कॅमेरा आरशामागच्या काळ्या डबीत. आतून काहीच दिसेना. म्हणून उतरले, मोबाइलची बॅटरी लावली आणि बाहेरून वाकून पाहिलं. डबीच्या बरोबर समोर, तेलकट, पिवळा, ताजा टिळा. मघाशीच लावलेला. दर शनिवारी लावलेला, दर सोमवारी धुतला गेलेला.

मी मुकाट्यानं रुमाल काढून पुसायला लागले. मागून आवाज आला, ‘‘काय घावलं गं सुमे?’’

‘‘काही नाही. धूळ आहे.’’

तिनं माझ्या हातातला रुमाल घेतला आणि घराच्या दिव्यापाशी नेऊन पाहिला. ‘‘भंडारा हाय ह्यो. माज्या बोटाचा.’’ मग उंबऱ्यावर बसत म्हणाली, ‘‘मंजे त्या ल्येकराच्या डोळ्यावर मीच लाईट मारला की.’’

मी खूप समजावलं. कंपनीला नावं ठेवली, कॅमेरा मुळात चुकीच्या जागी बसवलाय म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या गाडीचा मला इतका संताप आला, की तिला लाथ घालावीशी वाटली. इतकी वर्षं सगळ्या ड्रायव्हरांवर ओरडत आलेली ही बाई, आणि नेमका तिच्यावरच हा आळ यावा!

पुढच्या शनिवारी मी निघाले तेव्हा आत्या गाडीजवळ आलीच नाही, शेळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. गाडीनं त्या संध्याकाळी प्रत्येक डिपर वेळेवर मारला आणि मला घरी पोचेपर्यंत रडू येत होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी चावी फिरवली तेव्हा ती खिडकीपाशी आली. बोट भंडाऱ्यानं भरलेलं. ‘‘काच खाली घे. गाडीला डोळा हाय म्हनतीस, ऱ्हाऊ दे तिचा डोळा. तुज्या कपाळाला लावते. चालवनारी तूच हाईस न्हवं?’’ आणि कपाळावर ते तेलकट बोट दाबून म्हणाली, ‘‘आन् येंत्रावर इसंबू नगंस. म्होरं दिवा दिसला की आपलं बोट हलवायचं.’’

मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली. शेळ्या शेजाऱ्यांनी नेल्या. मी अजून शनिवारी जाते, घर झाडते आणि दिवेलागणीला निघते. गाडीत आता काही बिघाड नाही, तक्रारीला जागाच उरलेली नाही. तरी मंद्रूप सोडताना मी ते आपोआपचं बटण बंद करते. समोर दिवे दिसले की शेजारच्या रिकाम्या सीटवरून थाप ऐकू येईल असं वाटतं, आणि त्याआधी माझं बोट हलतं.

भंडाऱ्याची पिशवी डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. निघताना आरशात बघून टिळा मीच लावते. तो दर वेळी वाकडा लागतो.