कावळा डोक्यावर बसला आणि आबा आले

गड्यांनो, मी मेल्याची बातमी खोटी हाय. पारावर सगळ्यांना सांगा.

झालं असं. परवा गिरणीच्या चाळीत मी शकुन-अपशकुनाचं पुस्तक मोठ्यानं वाचून हसत होतो. तेवढ्यात कावळा डोक्यावर बसून गेला. म्हंजे मरण जवळ आलं. त्यावर उपाय तुमाला ठाऊक हायच. घरी मेल्याची खोटी खबर धाडायची. घरची रडली की मरण टळतं. माझ्या खोलीतल्या सिद्रामनं मला न विचारताच गावाकडं केमला खबर धाडली.

आज दुपारी दारात माझा बाप, आबा! डोईला पटका न्हाय, पायात वहाण न्हाय. मी भाकरी खात बसलेलो. घर सोडलं तवा "आमाला तू मेलास" म्हणाले होते, तेच हे आबा.

आधी पाठीत गुद्दा घातला. मग माझं डोकं छातीशी धरून लई रडले. म्हणाले, "पुन्हा मेलास तर तंगडं मोडीन!"

सिद्राम म्हणतो, "बघ, टळलं की!"

खरं-खोटं देव जाणे. मी मात्र कावळ्याचे उपकार मानतो. माझ्या ताटातली अर्धी भाकरी आज आबांनी खाल्ली.

आता तुमी सांगा, पारावर कोण कोण रडलं?