बटलरबाबांचं निळ्या शिरांचं चीज

सडलेला पदार्थ इतक्या आदरानं खाणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्या शेजारच्या या म्हाताऱ्याला सगळे बटलरबाबा म्हणत. खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीतला हा माणूस कल्याणला रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनिअराकडे पंचवीस वर्षं बटलर होता. साहेब विलायतेला परतला, बाबांची बायको देवाघरी गेली, मूलबाळ नव्हतंच. पण नोकरी काही सुटली नाही. आता ते स्वतःचेच बटलर होते. भरदुपारी पितळी घंटा वाजवून स्वतःला जेवायला बोलवत, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी काट्या-सुरीनं खात, आणि ताट उचलताना स्वतःलाच ‘थँक्यू’ म्हणत. एकदा मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी ताट स्वयंपाकघरात परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाठवणारेही तेच, नेणारेही तेच. मग दिवसभर स्वतःवर रुसून बसले होते.

साहेब दर नाताळात त्यांना चीजचा एक बंद डबा पाठवी. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ओरडलो होतो, “बाबा, याला बुरशी आलीय!”

“आलेली नाय भाऊ, घातलेली हाय. साहेब लोक मुद्दाम घालतात.”

मी सांगतो त्या वर्षी डबा आलाच नाही. साहेबाचं काय झालं, कळायला मार्ग नव्हता. म्हणून आदल्या नाताळचा तुकडा पुरवून पुरवून चालला होता. निळ्यावर हिरवं चढलं, हिरव्यावर काळं, आणि एका कोपऱ्याला चक्क गुलाबी लव आली. बाबांच्या मते ती सगळी विलायतीच.

तपकिरीनं आपलं नाक गेलंय असं सांगून ते दर रविवारी, चर्चमधला मिस्सा आटोपला की, मला हाक मारत. मी कचेरीतला ब्राह्मण कारकून. त्यांच्या घरचं पाणी प्यायचीसुद्धा सोय नव्हती, तिथे चीजची काय कथा! नुसत्या वासाला मात्र धर्मशास्त्राची हरकत नसावी, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. ओटीच्या कडेला धोतर सावरून बसायचं आणि दुरूनच हुंगायचं.

“कसा काय वास?”

“गेल्या रविवारपेक्षा भयंकर.”

“म्हंजे पिकलं!” म्हणत ते नखाएवढा तुकडा तोंडात टाकत आणि तासभर कल्याणच्या गोष्टी सांगत. चांगल्या चीजला किती घाण यावी हे मला कुठून ठाऊक असणार? जितकी दुर्गंधी तितका माल उंची, असं मी धरून चाललो होतो.

फाल्गुनातल्या एका रविवारी मी म्हणालो, “आज तर इथे बसवत नाही.” ते ऐकून बाबांनी दुप्पट मोठा तुकडा खाल्ला. रात्रीपासून उलट्या, जुलाब आणि सणसणून ताप. दोन दिवसांत डोळे खोल गेले. डॉक्टरांनी डबा उघडला आणि तसाच मिटला.

“निळी बुरशी मुद्दाम लावलेली, तिचं काही नाही. ही बाकीची इथल्या दमट हवेत धरलेली. वरवर खरवडून भागत नाही, आत मुरलेली असते. या वयात आणखी एक घास म्हणजे जिवाशी खेळ आहे.”

धर्मशास्त्र गुंडाळून ठेवून मी उशाशी बसलो, पेज भरवली. “बाबा, मीच तुमचा घात केला हो.”

“तुमचा काय दोष? मना पन वास येत होता. नाक शाबूत हाय माझं.”

“मग खाल्लंत कशाला?”

“टाकलं असतं तर रविवारी तुमाला काय म्हनून हाक मारली असती?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो डबा मी त्याच दिवशी पुरून टाकला.

बाबा हळूहळू हिंडूफिरू लागले, पण रविवारची हाक काही येईना. शेवटी मीच गेलो.

“काय काम काढलंत, भाऊ?”

काम काहीच नव्हतं. समोर भिंतीला शिडी टेकलेली दिसली. “शिडी हवी होती,” म्हणालो. माझ्या बैठ्या खोलीत शिडीचं काय काम, हे त्यांनी विचारलं नाही. “रविवारी परत आना पन,” एवढं बजावलं.

रविवारी मी शिडी परत केली, तासभर बसलो आणि निघताना पुन्हा मागून नेली. दोन वर्षं ती शिडी अशी या ओटीवरून त्या ओटीवर जात राहिली. मग बाबा गेले. ‘नुसता बसायला आलोय’ एवढं साधं वाक्य काही माझ्या तोंडून कधी निघालं नाही.