जोखीम कोणाची

माझे मोठे दीर एका पुलाच्या प्रकल्पावर करारांचे प्रमुख आहेत. पूल बांधणं हे त्यांचं काम नाही. तो फसला तर कोणाच्या गळ्यात मारायचा, हे आधीच लिहून ठेवणं त्यांचं काम. नदीतळाची धड तपासणी न करताच त्यांनी करारात घातलं, की जमिनीखाली जे निघेल त्याची जोखीम ठेकेदाराची. निघाला चिखल. ठेकेदार बुडाला, पूल अर्ध्या नदीत लोंबकळत राहिला, लोक अजून वळसा घालून जातात. भावोजींना बढती मिळाली. कंपनीच्या अंगाला काही लागलं नाही ना!

घरीही तेच. जाऊबाईंनी विचारलं, "चहात साखर किती घालू?" तर म्हणणार, "तू ठरव." मग चहा गोड झाला की, "मी काही सांगितलं नव्हतं."

सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "लगेच ऑपरेशन केलं तर चालतील. लांबलं तर अंथरूण धरतील." माझा नवरा परगावी. संमतीचा कागद आला तसा भावोजींनी हात पुढे केला. "द्या इकडे. मला यातलं कळतं."

त्यांनी 'जोखीम समजली, मान्य आहे' ही ओळ खोडली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'सर्व जोखीम रुग्णालयाची.'

डॉक्टरांनी कागद परत दिला. "असल्या कागदावर मी सुरी उचलत नाही."

"मग तुमचा मसुदा द्या. चर्चेला मी तयार आहे."

चर्चा रंगली आणि आमची वेळ दुसऱ्या पेशंटला गेली. जाऊबाई कपाळाला हात लावून बसल्या.

खाटेवरून सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, संमतीचा कोरा कागद माग. पाय मोडलाय माझा, हात नाही."

"आई, अशा अवस्थेतली सही पुढे..." भावोजी मध्ये पडले.

"तू गप्प बैस."

त्यांनी पडल्या पडल्या सही केली. संध्याकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. भावोजी तोवर फोनवर नातेवाइकांना सांगत होते, "सगळं मीच निभावलं."

आता सासूबाई वॉकर धरून चालतात. परवा उंबऱ्याशी जरा अडखळल्या. भावोजी शेजारीच होते.

"आई, हात देऊ?"

"दे की. पण पडले तर जबाबदारी कोणाची, ते आधी ठरव."

भावोजी विचारात पडले. तेवढ्यात सासूबाई उंबरा ओलांडून आत गेल्यासुद्धा.