दुसऱ्या किकला

बाबांचा पाय मोडल्यापासून त्यांची टू-स्ट्रोक मोटारसायकल अंगणात मुकी उभी होती. आज प्लास्टर निघून महिना झाला, आणि बाबा चोक ओढून तयार.

"अहो, पाय पुन्हा मोडेल. किक त्याला मारू द्या," माझ्याकडे बघत आई म्हणाली.

"त्याला? तो धुराविरुद्ध पत्रकं वाटतो!"

बाबांची पहिली किक वाया गेली. आईने डोळे मिटले. दुसरीला ते जुनं जपानी इंजिन टणटणत जागं झालं, आणि बाबा दोन्ही पायांवर उभेच होते. मोडलं की फेका, नवं घ्या, असं ओरडणाऱ्या बाजाराला बाबांच्या पायाने आणि त्या इंजिनाने अंगणातच उत्तर दिलं.

धुराबद्दलचं माझं मत कायम आहे. तरी त्या निळ्या धुरात मी कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला.