व्हँकुव्हरला धोंड्याचा महिना

निर्माल्य कसं रोज थोडं थोडं साठतं आणि टाकायला हात धजत नाही, तसं माझं या किश्श्यांचं झालंय. अंबाजोगाईला परतल्यापासून भजनी मंडळातल्या बायकांचं एकच, "काकू, त्या अमेरिकन पोरीचं सांगा की!" भजन राहतं बाजूला!

तर माझी लेक श्वेता आणि जावई मंगेशराव कॅनडात व्हँकुव्हरला खालच्या मजल्यावर भाड्यानं राहतात; मी त्यांच्याकडंच गेले होते. त्यांच्या शेजारच्या खोलीत एमिली, तिथं शिकायला आलेली अमेरिकेची मुलगी. वर घरमालकीण मार्थाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. शहरात फुटबॉलचे जागतिक सामने होते. मार्थाबाईंनी एमिलीला बजावलं होतं, "रविवारी सामन्याचे पाहुणे येणार. खोली रिकामी कर." घराचं छप्पर गळत होतं, दुरुस्तीला पाहुण्यांच्या भाड्याचे पैसे हवे होते, त्यांचाही इलाज नव्हता. पण दुसरी खोली कुठंच मिळेना! नाही मिळाली तर पोरीला शिक्षण अर्धवट टाकून घरी जावं लागणार होतं.

मी इथल्या योगेश्वरीला तिथूनच हात जोडले. "आई, पोरीची खोली राहू दे. तोवर गोड तोंडात घालणार न्हाई."

*

एमिलीचं माहेर मोटारीनं चार तासांवर! तरी घरच्या आठवणीनं डोळे भरायचे. मी म्हटलं, "अगं, परळीची पोरगी अंबाजोगाईला दिल्यासारखं हाय हे. यात परदेश कुठं आला?"

श्वेतानं इंग्रजीत सांगितलं. एमिली म्हणाली, "मग परळीच्या पोरी रडत नाहीत का?"

मी परळीचीच!

*

एकादशीला मी खिचडी परतत होते. एमिलीनं विचारलं, "हे काय?" श्वेता म्हणाली, "आईचा उपवास आहे." एमिली हळहळली आणि म्हणाली, "मीही करते. देवानं माझंही ऐकावं."

साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे पापड. पोरीनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग पोटावर हात ठेवून गंभीरपणे विचारलं, "आंटी, आता उपवास कधी सुरू होणार?"

*

एके दिवशी ती मला शहर दाखवायला घेऊन गेली, श्वेताही होती. रस्त्यात गर्दी ही! ढोल काय, झेंडे काय, तोंडं रंगवलेली. मला तर जत्रेतच आल्यासारखं वाटलं. एक दांडगा गडी दिसला, दाढी छातीपर्यंत. एमिली म्हणाली, "याची टीम जिंकेपर्यंत हा दाढी काढणार नाही."

म्हणजे नवसकरी! मी लगेच हात जोडले आणि श्वेताला म्हटलं, "विचार, वार कोणता पाळतो?"

तो हसला नाही. म्हणाला, "बायकोला विचारा. तिनं माझ्याशी अबोला पाळलाय."

*

एमिली मैदानावर स्वयंसेवक होती, लोकांना रस्ता दाखवायची. शनिवारी पहिल्या सामन्याला रेटारेटी झाली. इंग्रजीत सांगून कुणी ऐकेना. मंगेशराव फोनवर मित्रांशी बोलताना तिनं जे ऐकलं होतं, ते तिनं घसा ताणून सोडलं, "मागं सरका की रं!"

गर्दीतून एक गृहस्थ गर्रकन वळले. सोनेरी केसांच्या या पोरीकडं बघतच राहिले, आणि म्हणाले,

"ताई, बीडच्या का?"

*

आता शेवटचं. अधिक महिना, म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. मला तर त्यांच्याच घरी जाऊन करावं लागलं! एमिली विचारायची, "जावयाचा एवढा मान? मला जावई होता येईल का?"

धोंडे केले त्याच दिवशी मार्थाबाई खोलीची आठवण करून द्यायला खाली आल्या. आल्या माणसाला तसं कसं सोडायचं? मी तुपाची धार धरून धोंडा वाढला आणि श्वेताला म्हटलं, "सांग त्यांना. या महिन्यात लेकीला घरी बोलवत्यात, घराबाहेर न्हाई काढत."

"आई, मी नाही सांगणार हं असलं!"

"सांग म्हणते ना!"

तिनं सांगितलं. मार्थाबाईंनी धोंडा संपवला. आणखी एक मागून घेतला. उठताना एवढंच म्हणाल्या, "मी पाहुण्यांना शब्द दिलाय. तो मोडणार नाही." आणि जिना चढून गेल्या.

रविवार उजाडला. एमिलीची बॅग भरून दाराशी. पोरीनं सगळ्यांसाठी चहा केला, माझा बिनसाखरेचा वेगळा. वर पाहुण्यांच्या बॅगांची चाकं घरंगळताना ऐकू येत होती.

जिन्यावर पावलं वाजली. दारात मार्थाबाई. काखेत उशी, हातात दात घासायचा ब्रश! पायानं त्यांनी एमिलीची बॅग आत ढकलली. मग माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं.

श्वेता दोनदा अडखळली. "आई, त्या म्हणतायत, वरची त्यांची स्वतःची खोली पाहुण्यांना दिलीय. आणि विचारतायत... माहेरी येणाऱ्या लेकीला वयाची अट असते का?"

मी त्यांच्या काखेतली उशी काढून आत नेऊन ठेवली.

एमिलीनं माझा कप ओढून घेतला आणि न विचारता त्यात दोन चमचे साखर घातली.