मिशीवाला भोपळा

अडुसष्टाव्या वर्षी तू भुतांच्या सणासाठी भोपळा हुडकत हिंडशील, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी सर्जापूर रोडच्या कडेला हातगाडीपुढे उभी राहून भोपळे वाजवून बघत होते, हे खरं आहे. गाडीवाल्यानं विचारलं, "अक्का, सांबारिगो, भूतक्को?" म्हणजे सांबाराला हवा की भुताला. भुताचे भोपळे त्यानं वेगळे मांडले होते, गोल गरगरीत, बुडाला सपाट. मी म्हटलं, भुताला. तो हसलासुद्धा नाही. सकाळपासून बरीच भुतं येऊन गेली असावीत.

सगळी खटपट नातीसाठी. नात नऊ वर्षांची. जन्मली जर्मनीत, शाळेत गेली अमेरिकेत आणि जूनमध्ये आईबापांबरोबर बंगळूरला आली. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन चामराजपेटेत आले, तिथं तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. हे गेल्यावर एकटीच राहत होते. मुलगा परत आला तशी त्याच्याबरोबर या चौदा मजली इमारतीत राहायला आले. माझं काही अडलं नाही, मी भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत कुणाशीही कन्नडमध्ये गप्पा मारते. पंचाईत झाली ती पोरीची. तिचं मराठी घरापुरतं, हिंदीचा पत्ता नाही, आणि इंग्रजी असं की इथली मुलं तिची नक्कल करायची. चार महिने ती शाळेतून आली की थेट माझ्याकडे. पत्ते, चिंध्यांच्या बाहुल्या आणि अखंड बडबड. खाली मुलं खेळायची आणि ही बाल्कनीतून बघायची. जीव तुटायचा माझा. पण खोटं कशाला बोलू, तिचं माझ्यापाशी बसणं मला आवडायचंही.

मग त्या आठवड्यात नवव्या मजल्यावरच्या दोन मुली लिफ्टमध्ये तिला म्हणाल्या, भोपळ्याचा कंदील आणलास तर तू आमच्या टोळीत. त्यांच्या घरी कुणी कोरून देत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला खाली लॉबीत जमायचं होतं. पोरगी घरी आली ती उड्या मारतच. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ये म्हटलं होतं.

हा सण मी तीन देशांत पाहिला आहे, आणि तिन्हीकडे त्याची तऱ्हा वेगळी. जर्मनीत मुलाकडे राहत होते तेव्हा तीन-चार पोरं चादरी पांघरून, भुतं बनून आमच्या इमारतीत खाऊ मागायला आली. तळमजल्यावरच्या आजीबाईंनी दार उघडलं, त्यांना नीट न्याहाळलं, "नको" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. पण दहा-बारा दिवसांनी कुठल्याशा संताच्या दिवशी गल्लीतली सगळी मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत निघाली, आणि त्याच आजीबाई कोट-टोपी चढवून त्यांच्यात चालत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, आमचे कंदील आमच्या दिवशी.

अमेरिकेत सगळा उलटा प्रकार. तिथं लोक अंगणात खोटी थडगी मांडतात. मी पहिल्या दिवशी नमस्कार करून पुढे गेले, सून हसून हसून खाली बसली. संध्याकाळी आमच्या दाराशी खाऊ मागायला सोंगं घेतलेली पोरं, पाच-सहा समुद्री चाचे आणि एक परी. आता उंबऱ्यावरून काही द्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी सगळ्यांना आत घेतलं, सोफ्यावर बसवलं आणि पाणी विचारलं. बाहेर रस्त्यावर त्यांच्या आया ताटकळत उभ्या. पोरं बाहेर येईनात तशा त्या घाबरून दारावर धडका द्यायला लागल्या. मुलानं कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी मला खाऊचा वाडगा देऊन पायरीवर खुर्चीत बसवलं होतं.

इथं बंगळूरात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आठवडाभर आधीच रणकंदन पेटलं. एक म्हणे, परक्यांचा सण कशाला. दुसरी म्हणे, मुलांची मजा आहे, तुमच्या काय पोटात दुखतं. समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णांनी तर तीन परिच्छेद लिहिले. हे म्हैसूरकडचे, सरकारी खात्यातून नकाशे काढून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. महालयाला आपण पितरांना जेवू घातलं आणि नीट निरोप दिला, आता ही कुठली नवी भुतं जेवायला बोलावता, असा त्यांचा सवाल. मला तो पटला होता, उगाच का नाकारू. शेवटी कमिटीनं तोडगा काढला: ज्यांची हरकत नाही त्यांनी दारावर भोपळ्याच्या चित्राचा कागद चिकटवायचा, मुलांनी तेवढीच दारं वाजवायची, साडेसातला खेळ बंद.

तर भोपळा घरी आला. खरं तर मुलगा आदल्या रात्रीच भोपळा आणून कोरून देणार होता, पण त्याला अचानक हैदराबादला जावं लागलं आणि शुक्रवारी दुपारच्या विमानानं तो परत येत होता. घरी पोचेपर्यंत सात वाजणार. सून ऑफिसात अडकलेली. साडेतीनला पोरगी शाळेतून आली, दप्तर फेकलं, सुरी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आजी, काप ना."

मी कापू शकत नव्हते. आमच्यात अख्ख्या भोपळ्याला बाई पहिली सुरी लावत नाही. घरातल्या पुरुषानं पहिला वार करायचा, मग पुढचं चिरायला बाई मोकळी. चामराजपेटेत हे कामावर जाण्याआधी बूट घातलेल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, मी भोपळा पुढे करायची, खच्च. ते गेल्यापासून मी बाजारातून भोपळ्याची फोडच आणते. बाईनं पहिली सुरी लावली तर थोरल्या मुलाला बाधतं म्हणतात. मला एकच मुलगा, आणि तो त्या वेळी विमानात. मी तशी भोळसट बाई नाही हो. पण सुरी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवून दिली.

"तू घाबरतेस?" नातीनं विचारलं.

"हो," म्हटलं.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. रडली नाही, हट्ट केला नाही. फक्त म्हणाली, "इट्स ओके आजी, मी नाही जात." तिनं पत्ते काढले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मी उठले, भोपळा कमरेवर घेतला आणि समोरच्या अण्णांची बेल वाजवली. दारावर भोपळ्याचा कागद नव्हता, हे सांगायला नको. ते चष्मा कपाळावर सारून बाहेर आले. भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सांबाराला?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण मागे पोरगी उभी होती. "नाही," मी म्हटलं, "त्या तुमच्या नावडत्या सणाला. मुलगा घरात नाही. मी पहिली सुरी लावत नाही. तेवढी लावून द्या, पुढचं आम्ही बघतो."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. आता जर्मनीतल्या आजीबाईंसारखं दार लागतं की काय असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "ते मात्र बरोबर आहे, अक्का. बाईमाणसानं लावू नये. आमच्यातही नाही लावत." आणि दारातून बाजूला झाले.

त्यांनी भोपळा धुतला, पुसला, देवापुढचं कुंकू आणून त्याला बोट लावलं आणि देठाशी सुरी घातली. माझा जीव भांड्यात पडला. मी भोपळा उचलायला गेले तर म्हणाले, "स्वल्प थांबा." वरचं झाकण वाकडं गेलं होतं, ते त्यांना बघवेना. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. त्यांनी झाकण सरळ केलं. मग पेन्सिल आली, पट्टी आली. नातीला त्यांनी इंग्रजीत विचारलं, तोंड कसं हवं. ती म्हणाली, भीती वाटेल असं.

"मग ते तुमचं अमेरिकन तोंड नको," अण्णा म्हणाले. "त्याला कोण भितं?"

त्यांनी काढली ती आपली दृष्टबाहुली. बांधकाम चाललेल्या घरांवर राक्षसाचं तोंड टांगतात ना, तसलं. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे, आणि या कानापासून त्या कानापर्यंत पिळदार मिशा. पोरगी गर चमच्यानं खरवडत होती आणि ते मिशी कोरत होते. दोघांना माझी आठवणही नव्हती. साडेपाचला आत पणती ठेवली तेव्हा मला स्वतःलाच दचकायला झालं. निघताना ते मला म्हणाले, "मी कागद चिकटवणार नाही हं." "सरी, बरं," म्हटलं, "नका चिकटवू."

सहाला ती खाली गेली. मी लिफ्टपर्यंत सोडायला निघाले तर म्हणाली, नको. मग मी वाडग्यात चिक्की भरली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. पाऊण तासानं टोळी आमच्या मजल्यावर आली. तिघी नव्हत्या, आठ-नऊ जणी होत्या, आणि प्रत्येकीला तो मिशीवाला आपल्या हातात धरायचा होता. नात सगळ्यांत पुढे. तिनं माझ्यासमोर हात पसरून सगळ्यांसारखंच ओरडून मागितलं, आजी नाही की काही नाही. मी तिला दोन चिक्क्या दिल्या. "एकच," ती कुजबुजली, "सगळ्यांना एकच," आणि एक परत वाडग्यात टाकली. अण्णांचं दार बंदच होतं. खालच्या फटीतून मात्र त्यांच्या पावलांची सावली दिसत होती.

सातला मुलगा सुखरूप घरी पोचला. साडेसातला पोरगी आली, काजळ गालभर पसरलेलं, घसा बसलेला. जेवताना तिनं आठ मुलींची नावं, मजले आणि कुणाकडे मांजर आहे हे सगळं सांगितलं. मग घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, सोमवारपासून शाळेतून आले की मी सरळ खाली जाणार. तू माझी वाट बघू नकोस."

"बरं," म्हटलं, आणि तिला आणखी भात वाढला. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत नव्हते. भांडी आवरायच्या निमित्तानं आत गेले, नळ सोडला आणि थोडं रडूनही घेतलं. मग तोंड धुऊन बाहेर आले, तर तिचं अजून मांजराचंच चाललं होतं.